घरसफाईचा ठेका : सोय कोणाची, खर्च कोणाचा?

प्रतिनिधी

दिवाळीपूर्वीची साफसफाई हा मराठी मध्यमवर्गीय घरातला वर्षानुवर्षे ठरलेला कार्यक्रम. माळ्यावरचे डबे खाली येणार, जळमटे निघणार, पंख्यांची पाती पुसली जाणार आणि रद्दीवाला दोनदा येऊन जाणार. मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरांत मात्र हे काम आता पैसे मोजून बाहेरच्या संस्थेकडे सोपवले जाऊ लागले आहे. गणवेशातले दोन-तीन कामगार यंत्रे घेऊन येतात आणि दिवसभरात घर लख्ख करून जातात. त्याच्या जोडीला रोजच्या केर-फरशीसाठी मोबाइलवरून तासाच्या हिशेबाने माणूस मागवण्याची सोयही झाली आहे. घरची बाई अचानक रजेवर गेली की अनेक घरांचा पहिला आधार आता मोबाइल हाच असतो. ही सेवा घेणे परवडते का, हा प्रश्न त्यामुळे घरोघरी विचारला जातो. मात्र त्याचे उत्तर केवळ बिलाच्या आकड्यात सापडत नाही.

तीन सेवा, तीन हिशेब

घरसफाई या एका शब्दाखाली आज तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिली, महिन्याच्या पगारावर येणारी बाई. ती केर-फरशी, धुणी-भांडी अशी ठरलेली कामे रोज करते. दुसरी, मोबाइलवरून तासाभरासाठी बोलावलेली मदतनीस. तिसरी, वर्षातून एकदा-दोनदा ठेका देऊन करवून घेतलेली सखोल सफाई. या तिघींची तुलना एकाच मापाने केली, तर निष्कर्ष चुकण्याचीच शक्यता अधिक.

सखोल सफाईचा हिशेब आधी पाहू. समजा, दोन शयनगृहांच्या सदनिकेसाठी संस्थेने सर्व करांसह ५ हजार रुपये सांगितले आणि तीन कामगारांनी सहा तास काम केले. म्हणजे एकूण १८ तासांचे श्रम झाले. संस्था वस्तू व सेवा करासाठी नोंदलेली असेल, तर बिलात १८ टक्के कर असतो. तो वजा जाता सुमारे ४ हजार २३७ रुपये उरतात. दर तासाला हे २३५ रुपये पडतात. यातूनच कामगारांची मजुरी, प्रवास, रसायने, यंत्रांची झीज, कार्यालयाचा खर्च आणि मालकाचा नफा निघायचा असतो. हे पाहता ५ हजार हा आकडा वाटतो तितका अवाजवी नाही. उलट कोणी हेच काम दीड-दोन हजारांत करून देतो म्हणाला, तर काटछाट मजुरीत झाली की कामात, एवढाच प्रश्न उरतो.

दुसरी बाजू अशी की, हेच १८ तास घरातल्या माणसांनी द्यायचे म्हटले तर दोन-तीन रविवार त्यातच जातात. वृद्ध आई-वडील, लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असलेल्या घरात स्टुलावर चढून धूळ उडवण्याचे काम टाळणेच इष्ट. अशा घरांना ही सेवा चैन वाटण्याचे कारण नाही.

यंत्र कुठे कामाला येते?

संस्थेचे खरे बळ तिच्या साधनांत असते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आणि धुराड्याच्या जाळीवर बसलेला तेलाचा चिकट थर, न्हाणीघरातल्या फरशीवर कठीण पाण्यामुळे साठलेले क्षार, गादी आणि सोफ्यात खोलवर मुरलेली धूळ या तीन गोष्टी झाडू आणि ओल्या फडक्याला दाद देत नाहीत. तिथे घासणारे यंत्र, शोषून घेणारा पंप आणि योग्य रसायन यांचा उपयोग होतो. टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत क्षारांचा त्रास विशेष. तिथे वर्षातून एकदा अशी सफाई करून घेणे हिताचे ठरते.

उलट कपाटे, पुस्तकांचे फडताळ, देवघर, माळा ही कामे ठेक्यावर देऊन फारसा लाभ होत नाही. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे घरच्यांनाच ठरवावे लागते. रिकामे करून न दिलेले कपाट संस्थेचे लोक बाहेरूनच पुसतात आणि नंतर ‘काम अर्धवट झाले’ अशी तक्रार होते. भरलेल्या घरापेक्षा नुकत्याच रंगकाम झालेल्या किंवा राहायला जाण्यापूर्वीच्या रिकाम्या घरात ही सेवा पुरेपूर वसूल होते, ती त्यामुळेच.

रसायनांबाबत दक्षता हवी. आम्लयुक्त द्रावण संगमरवराची झळाळी कायमची घालवते आणि फरशांमधल्या सांध्यांचे सिमेंट खाते. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरिन हा विषारी वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ओला केलेला सोफा मुंबईच्या पावसाळी हवेत लवकर वाळत नाही आणि त्यात बुरशी धरते. त्यामुळे ते काम पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात करवून घेणे श्रेयस्कर.

४९ रुपयांचे कोडे

तासाच्या सेवेचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. अर्बन कंपनी या संस्थेने मार्च २०२५ मध्ये मुंबईत अशी सेवा सुरू केली, तेव्हा प्रारंभीचा दर तासाला ४९ रुपये जाहीर झाला. सेवेला दिलेल्या ‘इन्स्टा मेड्स’ या नावावर टीकेची झोड उठली आणि ते बदलून ‘इन्स्टा हेल्प’ करण्यात आले. टीकेला उत्तर देताना कंपनीने सांगितले की, काम करणाऱ्या महिलांना तासाला १५० ते १८० रुपये मिळतात, आरोग्य विमा मिळतो आणि महिन्याला १३२ तास काम केल्यास किमान २० हजार रुपयांची हमी आहे.

नावाचा वाद मिटला, पण हिशेबाचे कोडे तसेच राहिले. ग्राहक ४९ रुपये देतो आणि कामगाराला १५० मिळतात, तर मधले शंभर रुपये कोण देते? हा फरक कंपनीच्या, म्हणजे अंतिमतः गुंतवणूकदारांच्या भांडवलातून भरला जातो. बाजारपेठ हाती येईपर्यंत स्वस्ताई आणि त्यानंतर दरवाढ, हा क्रम टॅक्सीसेवांच्या बाबतीत शहरी ग्राहकाने अनुभवला आहे. तेव्हा हा दर कायमचा समजून घरातली व्यवस्था मोडणे शहाणपणाचे नाही.

आकडेच पाहू. महिन्याला २६ दिवस, रोज एक तास अशी सेवा ४९ रुपये दराने घेतली तर खर्च १ हजार २७४ रुपये. कामगाराची किमान १५० रुपयांची मजुरी तेवढी ग्राहकाने भरायची ठरवली, तरी तो आकडा ३ हजार ९०० रुपयांवर जातो. आता समजा, एखाद्या घरात केर-फरशीसाठी बाईला महिना १ हजार ५०० रुपये दिले जातात आणि ती रोज ४० मिनिटे काम करते. २६ दिवसांचे साधारण १७ तास भरतात. म्हणजे तिला तासाला ९० रुपयेही पडत नाहीत. आपल्या घरातले काम आजवर स्वस्त का होते, याचा उलगडा या भागाकारात होतो. दोन घरांमधली पायपीट आणि बुडालेले खाडे तर यात धरलेलेच नाहीत.

कायद्याच्या कक्षेत कोण?

मोबाइलवरून येणारी मदतनीस ही कंपनीची कर्मचारी नसते, ‘भागीदार’ असते. ही शब्दयोजना सहेतुक आहे. कर्मचाऱ्याला मिळणारी भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा यांसारखी संरक्षणे भागीदाराला आपोआप मिळत नाहीत. ग्राहकाने दिलेले गुण घसरले की कामही घटू शकते. कमिशन आणि दंड यांच्या विरोधात याच कंपनीच्या सौंदर्यसेवा देणाऱ्या महिलांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राम येथे आंदोलन केले होते, हे विसरून चालणार नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात अशा कामगारांसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम देण्याची तरतूद आहे. कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा आहे. हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी त्याचे फळ प्रत्यक्ष अंमलबजावणीवर अवलंबून राहील.

महिन्याच्या पगारावरील बाईची स्थिती याहून बरी आहे, असे म्हणता येत नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये केला. पण तो नोंदणी आणि कल्याणकारी लाभांपुरता आहे, पगार किती असावा हे तो ठरवत नाही. नोंदणीचे महत्त्व करोनाकाळात दिसले. २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्य सरकारने १ हजार ५०० रुपयांची मदत दिली, ती नोंदणीकृत घरेलू कामगारांनाच. ज्यांचे नाव यादीत नव्हते, त्यांच्या पदरी काही पडले नाही. घरकामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायद्याची गरज तपासण्यासाठी समिती नेमावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारविषयक १८९ क्रमांकाचा करार २०११ चा. त्यावर भारताने अद्याप शिक्कामोर्तब केलेले नाही.

थोडक्यात, एकीकडे ओळखीची पण असंघटित बाई आणि दुसरीकडे नोंदलेली पण अनोळखी मदतनीस, अशी ही निवड आहे. बाईला अडीअडचणीला उचल मिळते, दिवाळीला एक पगार मिळतो आणि घराची किल्ली तिच्या हाती विश्वासाने दिली जाते. मदतनिसेला ठरलेला दर आणि विमा मिळतो, पण उद्या ती त्याच घरी येईल याची खात्री तिला नसते आणि ग्राहकालाही नसते.

घरातला न दिसणारा हिशेब

या साऱ्या चर्चेत एक खर्च धरलाच जात नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. सफाईचा ठेका ‘उगाच पैसे घालवणे’ आहे, असा शेरा घरात बहुधा कोण मारतो आणि तो न दिल्यास स्टुलावर कोण चढते, हे या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे. नोकरी सांभाळून दिवाळीचा फराळ करणाऱ्या गृहिणीचे तीन रविवार फुकट मानले, तरच हा ठेका महाग ठरतो.

दुसरा न बोलला जाणारा मुद्दा संडास-सफाईचा. अनेक घरांत केर-फरशीची बाई हे काम करत नाही आणि त्यासाठी वेगळ्या माणसाला बोलावले जाते. या वाटणीमागे जातीचा इतिहास आहे. गणवेश, हातमोजे आणि यंत्र घेऊन येणारा कामगार हे काम करतो, तेव्हा ते कौशल्याचे काम म्हणून मोजले जाण्याची शक्यता निर्माण होते. मात्र त्याला प्यायला वेगळा पेला दिला जात असेल किंवा सोसायटीची लिफ्ट नाकारली जात असेल, तर गणवेशाने काहीच साधले नाही, असे म्हणावे लागेल.

ठरवताना काय पाहावे?

सेवा घ्यायची ठरल्यास काही गोष्टी आधीच स्पष्ट कराव्यात. घर पाहून, कोणत्या खोलीत काय केले जाणार याची यादी लेखी घ्यावी. कामगार किती आणि तास किती, हे विचारावे. कोणती रसायने वापरणार, हे जाणून घ्यावे. तुटफूट झाल्यास भरपाई कोण देणार, हे लिहून घ्यावे. कामगारांची पोलीस पडताळणी आणि अपघात विमा आहे का, याची चौकशी करावी. दागिने, कागदपत्रे आधीच कुलूपबंद करावीत. त्यामुळे नंतर कोणावर नाहक संशय घेण्याची वेळ येत नाही. उंच इमारतीत सुरक्षा पट्ट्याशिवाय खिडकीबाहेर कोणालाही चढू देऊ नये, मग तो ठेक्याचा माणूस असो वा घरची बाई. काचेवरच्या डागापायी कोणाचा जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही.

वर्षातून एकदा स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि गाद्या-सोफ्यांपुरती संस्थेची सेवा घेणे, हे बहुतेक नोकरदार कुटुंबांना पैशाच्या आणि श्रमाच्या दृष्टीने परवडणारे आहे. संपूर्ण घराचा ठेका देणे मात्र घर रिकामे असतानाच फायद्याचे. रोजच्या केर-फरशीसाठी तासाची सेवा ही अडीनडीची सोय म्हणून उत्तम, पण तिच्या आजच्या दरावर विसंबून जुन्या बाईला काढणे दूरदृष्टीचे नाही. त्यापेक्षा तिचा पगार तासाच्या हिशेबाने पुन्हा मोजावा, महिन्याकाठी काही भरपगारी सुट्ट्या ठरवून द्याव्यात आणि कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी तिला मदत करावी. नोंदणी करताना काम दिल्याचा पुरावा लागतो. तो कागद लिहून देण्यास अनेक मालक का कू करतात. त्यावर सही करायला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण तिच्यासाठी यादीत नाव असणे आणि नसणे यातला फरक तेवढ्या सहीवर ठरतो.