तक्रार नसतानाची तपासणी

तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी हिरडीला लावल्याशिवाय आमच्या औंध-खटाव भागातल्या कितीतरी आयाबायांचा दिवस सुरू होत नाही. पुढे कधीतरी गालाच्या आत पांढरा चट्टा उठतो. तो दुखत नाही, म्हणून कुणी दाखवतही नाही. तिखट झोंबू लागलं, तोंड उघडेना, की मग कराड, मिरज, नाहीतर थेट मुंबईचं टाटा कर्करोग रुग्णालय.

याला अडाणीपणा म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून टाटा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मंडळींनी ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० बायकांचा अभ्यास केला. तिथे तपासणी वेगळ्या कर्करोगाची होती, पण बायका अशाच, शेतात राबणाऱ्या. एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी देऊ केलेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ जणी गेल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न मिळालेल्या गटात ६४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर दहावी शिकलेल्या कार्यकर्त्यांनी पातळ ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी तपासलं, तरी त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दारात कुणी आलं, नीट समजावलं, की बायका तपासून घेतात.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहेच. आशाताई येतात, कंबर मोजतात, फॉर्म भरतात. पण फॉर्म म्हणजे तपासणी नव्हे. बॅटरी मारून गालाची आतली बाजू, जिभेखालची जागा कुणी पाहिली का? (शहरी तपासणी-पॅकेजांतल्या ‘ट्यूमर मार्कर’ या रक्तचाचण्यांच्या नादी मात्र धडधाकट माणसाने लागू नये. पैसे जातात, वर जिवाला घोर.) तक्रार नसताना काळजी घेणं आपल्याला नवं नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, ते पोरं आजारी होती म्हणून नव्हे.

खरी गळती पुढे होते. संशय आला, चिठ्ठी दिली. पण सुगी चालू असते, सोबतीला कुणी नसतं, घरचे म्हणतात, ‘दुखत नाही ना, मग बघू दिवाळीनंतर.’ चिठ्ठी फळीवर राहते.

औंध संस्थानाने १९३९ सालीच कारभार गावपंचायतींकडे सोपवला होता. तो वारसा सांगायचाच असेल तर येत्या ग्रामसभेत, कुणाचंही नाव न घेता, दोन आकडे मागा: किती जणींना पुढच्या तपासणीला पाठवलं आणि त्यांतल्या किती जणी दवाखान्यात पोचल्या.