रेणूंची वही कुणाच्या कुलपात?

दिवाळीच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. आता ती आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. फराळाचे ताट पुढे ठेवले तरी तिचे लक्ष त्यात नव्हते. पर्समधून पेन ड्राइव्ह काढून तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “सर, माझी वही हरवलेली नाही, पण ती उघडत नाही.”

झाले होते ते असे. पीएच.डी.साठी तिने हळदीतल्या संयुगांवर काम केले. त्यांच्यात थोडे थोडे फेरफार करून दोनशेच्या वर रेणू तिने तयार केले आणि प्रत्येकाची रचना संगणकावर काढून ठेवली. ज्या आज्ञावलीत काढली ती विकतची, एका प्रकल्पाच्या अनुदानातून संस्थेने घेतलेली. प्रकल्प संपला, पुढची वर्गणी भरली गेली नाही, यथावकाश संगणकही बदलले. आता फायली आहेत, पण त्या कंपनीच्या स्वतःच्या लिपीत. वर्गणी भरली तर उघडतील, नाही तर नाही. पाच वर्षे रात्रंदिवस खपून मुलीने लिहिलेली वही, आणि तिची किल्ली साता समुद्रापलीकडच्या दुकानदाराकडे!

“मग इतकी वर्षे काय केलंत?” मी विचारले. ती हसली. “एका सहकाऱ्यांकडे त्याच आज्ञावलीची चोरटी सीडी होती, सर. ती नव्या संगणकावर चालत नाही.” या उत्तराचे मला नवल वाटले नाही. आपल्याकडच्या किती प्रयोगशाळांचा कारभार अशा चोरट्या सीड्यांवर चालत आला आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आता वाचकांपैकी अनेकांना प्रश्न पडेल, रेणूची रचना म्हणजे चित्रच ना? कागदावर पुन्हा काढले की झाले. माणसासाठी तेवढे पुरेसे आहे. पण दोनशे रेणूंतून अमुक गट असलेले निवडायचे, त्यांचे रेणुभार काढायचे, दुसऱ्या कुणी तोच रेणू आधी केला आहे का ते पाहायचे, तर संगणकाला चित्र उपयोगाचे नाही, त्याला अक्षरे लागतात. डेव्हिड वायनिंगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात त्यासाठी एक सोपी लिपी बसवली. तिचे नाव ‘स्माइल्स’. कार्बनसाठी सी, ऑक्सिजनसाठी ओ, आणि हायड्रोजन बहुधा लिहायचेच नाहीत, ते हिशेबाने कळतात. आपल्या साखर कारखान्यांत मळीपासून जे अल्कोहोल होते, ते या लिपीत ‘सीसीओ’. ‘ओसीसी’ लिहिले तरी तेच, कारण माळ उलटीकडून मोजली एवढाच फरक. पण ‘सीओसी’ लिहिले की पदार्थच बदलला! अणू तेच, तेवढेच, पण ऑक्सिजन मध्ये जाऊन बसला आणि अल्कोहोलच्या जागी डायमिथिल ईथर नावाचा वायू झाला. मुलांना हे फळ्यावर दाखवले की डोळे कसे चमकतात ते मी पाहिले आहे.

ही लिपी साध्या मजकुराची आहे. कुठल्याही संगणकावर, कुठल्याही काळात उघडेल. अडचण एवढीच, की कंपन्यांच्या फायली या लिपीत आणायच्या कशा? इथे निवृत्तीनंतर मला जडलेला छंद कामी आला. ‘ओपन बाबेल’ नावाची एक आज्ञावली आहे. २००१च्या सुमारास काही रसायनशास्त्रज्ञांनी एका जुन्या आज्ञावलीतून ती वाढवली. तिचे काम दुभाष्याचे. २०११ साली तिच्या कर्त्यांनी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात ती एकशे दहाहून अधिक प्रकारच्या फायली एकमेकींत बदलते असे नोंदले आहे. ती फुकट मिळते, आणि नुसती फुकट नव्हे, तर तिची मूळ संहिताही सर्वांना खुली आहे. कुणीही वाचावी, चूक सापडली तर सुधारावी, सुधारलेली पुढे द्यावी. याला ओपन सोर्स म्हणतात.

‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण आपण कुत्सितपणेच वापरतो. फुकट मिळते म्हणजे त्यात काही खोट असणार, अशी आपली मनोमन खात्री असते. मला तर उलट दिसते. ‘आरडीकिट’ नावाची दुसरी एक आज्ञावली आहे, रेणूंचे हिशेब करणारी. औषधनिर्मितीच्या क्षेत्रात आज जगभर तिचा वापर होतो. तिचा जन्म ‘रॅशनल डिस्कव्हरी’ नावाच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीत झाला. २००६ साली ती कंपनी बंद झाली. एरवी अशा वेळी आज्ञावलीही कंपनीबरोबर सरणावर जाते. पण ग्रेग लँड्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या आज्ञावलीची संहिता त्याच वर्षी खुली करण्यात आली. कंपनी गेली आणि आज्ञावली वाढत राहिली. माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत कंपनी धडधाकट आहे, आणि काम मात्र मेल्यासारखे पडले होते.

कोल्हापूरच्या माणसाला खरे तर ही कल्पना परकी वाटू नये. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव महाराष्ट्रात सर्वत्र आहे. पावसाळा ओसरला की बरगे घालायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे. ज्याला हवा त्याने आपल्या नदीवर बांधावा, आपल्या पाण्याप्रमाणे त्यात फेरफार करावा. प्रत्येक बरगा घालताना कोल्हापूरला पैसे मोजायचे असते, तर किती गावांत तो झाला असता?

असो. या आज्ञावल्या म्हणजे फक्त बड्या संशोधकांची खेळणी, असा गैरसमज होऊ नये म्हणून रोजच्या उपयोगाची एक हकीकत सांगतो. माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयात, नाव कशाला हवे, रसायनांच्या भांडाराची नोंदवही मी आणि दोन विद्यार्थ्यांनी मिळून तपासायला घेतली. वहीत सहाशेच्या वर नोंदी. एकच पदार्थ तीन-तीन नावांनी लिहिलेला. कुठे स्पिरिट, कुठे इथेनॉल, कुठे नुसते अल्कोहोल. अमेरिकेतील एक संस्था प्रत्येक रसायनाला मध्ये आडव्या रेघा असलेला क्रमांक देते. ते क्रमांक संगणकाच्या तक्त्यात भरले, तर त्यातल्या काहींची त्याने परस्पर तारीख करून टाकली! अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने २००४ साली सुरू केलेला ‘पबकेम’ हा रेणूंचा कोश सर्वांना विनामूल्य पाहता येतो. त्यात आज दहा कोटींहून अधिक संयुगे आहेत. त्यावरून प्रत्येक नावाची स्माइल्स मिळवली, चुकलेल्या हाताने दुरुस्त केल्या. मग आरडीकिटला विचारले, दोन कार्बनांच्या मध्ये एकेरी बंधांनी ऑक्सिजन बसला आहे असे रेणू दाखव. असे रेणू म्हणजे ईथर. त्यांतले काही हवेशी संयोग पावून वर्षानुवर्षांत स्फोटक पेरॉक्साइड तयार करतात.

चहा निवायच्या आत यादी आली. तिच्यात एक नाव असे होते, की वहीत ते नुसत्या चार अक्षरांत लिहिलेले असल्याने आजवर कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. आयसोप्रोपिल ईथर, या बाबतीत सर्वांत वाईट समजल्या जाणाऱ्यांपैकी एक. बाटली मागच्या फळीवर होती, आणलेली अकरा वर्षांपूर्वी. अशा बाटलीचे झाकण फिरवतानाच्या घर्षणानेही अपघात होऊ शकतो. तिला कुणी हात लावला नाही. खोली बंद केली आणि जाणकार माणसे बोलावून तिची वाट लावली. त्या खोलीत दर वर्षी बी.एस्सी.ची पोरे वावरत होती. या कामाला पैसे किती लागले? एक रुपयाही नाही. लागल्या त्या सहा दुपारी.

म्हणून ही साधने आंधळेपणाने वापरावीत असे मी म्हणत नाही. हळदीचेच पाहा. तिचा पिवळा घटक करक्युमिन. तो दोन रूपांत वावरतो. एक हायड्रोजन आपली जागा बदलतो आणि बंध सरकतात. आपल्याला ठाऊक असते की हळद एकच, पण संगणकाच्या लिपीत ते दोन वेगळे रेणू होतात आणि यादीत दोनदा नाव येते. औषध तोंडावाटे घेता येईल का याचा अंदाज बांधण्यासाठी क्रिस्टोफर लिपिन्स्की यांनी १९९७ साली काही नियम मांडले. रेणुभार पाचशेच्या आत असावा, हा त्यांतला एक. करक्युमिनचा आहे ३६८. बाकीच्या नियमांतही तो बसतो. आज्ञावली त्याला बिनदिक्कत उत्तीर्ण करते. प्रत्यक्षात तो शरीरात फारच थोडा शोषला जातो आणि प्रयोगनळीतही संशोधकांना चकवतो, असे ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’तील २०१७ सालच्या एका सविस्तर आढाव्यात दाखवून दिले आहे. रसायनशास्त्र शिकलेला माणूस मागे उभा नसेल, तर संगणकाचे उत्तर म्हणजे पोपटाने काढलेली चिठ्ठी.

आणखी एक तक्रार ऐकू येते. या आज्ञावल्या बसवणे किचकट, सगळे इंग्रजीत, आणि अडले तर दाद मागायला कुणी नाही. खरे आहे. पहिले चार दिवस मीही डोके धरून बसलो होतो. पण शिकण्याची सोय आपल्या शेजारीच झालेली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. मुथुकुमारसामी कार्तिकेयन यांनी डॉ. रेणू व्यास यांच्यासह २०१४ साली याच विषयावर प्रात्यक्षिकांसह एक ग्रंथ लिहिला. (ग्रंथ मात्र विकतचा आहे, ही त्यातली गंमत.) वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, २००८ साली क्षयरोगावरील औषधांसाठी खुल्या संशोधनाची योजना काढली, तेव्हा महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनाही तिचे दार उघडे होते.

माझे म्हणणे विद्यापीठांपाशी आहे. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ सुरू झाले, तेव्हापासून या भागातल्या मुलामुलींनी रसायनशास्त्रात किती प्रबंध लिहिले असतील! आता देशभरातले प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात ठेवले जातात, हे उत्तमच झाले. पण त्यांतले रेणू बहुतेक ठिकाणी चित्रांच्या रूपात आहेत. संगणकाने रेणू शोधायला घेतला, तर ती पाने त्याला कोरी.

याची किंमत काय असते हे हळदीनेच आपल्याला एकदा शिकवले आहे. १९९५ साली हळदीने जखम भरण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हान दिले. जुनी पुस्तके, लेख, संस्कृत-उर्दू-हिंदीतले मिळून बत्तीस दाखले गोळा करावे लागले, त्यात एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ सालचा लेखही होता. १९९७ साली पेटंट रद्द झाले. घरोघरच्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर सापडावी म्हणून एवढी यातायात. मग ज्या रेणूबद्दल आजीला काही ठाऊक नाही, जो एखाद्या तालुक्याच्या गावातल्या मुलीने पहिल्यांदा तयार केला, तो आपला आहे हे उद्या कोण कुठून शोधून दाखवणार?

प्रत्येक प्रबंधाबरोबर त्यातल्या सर्व रेणूंची साध्या मजकुरातली एक यादी घ्यावी, एवढीच मागणी आहे. विद्यार्थ्याचे एका दुपारचे काम आहे. त्यासाठी समिती नको की अनुदान नको, आणि चोरटी सीडी तर नकोच.

त्या दिवशी आम्ही दोघे संध्याकाळपर्यंत बसलो. हिने दोन वेळा चहा आणून दिला आणि तिसऱ्या वेळी नुसतेच डोकावून पाहिले. ओपन बाबेलने दोनशे बारा रेणूंपैकी दोनशे तीन उघडले. आम्ही सगळे रेणुभार प्रबंधातल्या तक्त्याशी ताडून पाहिले. दोन ठिकाणी तफावत निघाली. एकात चूक तक्त्यातच होती, छापताना झालेली, आणि ती पाहून तिने कपाळावर हात मारला. उरलेले नऊ काही केल्या उघडले नाहीत. “ते राहू देत, सर,” ती म्हणाली, “त्यांची हाताने काढलेली चित्रं माझ्या कागदी वहीत आहेत. घरी ट्रंकेत असेल ती.” जाताना फराळाचा डबा मात्र न विसरता घेऊन गेली.