ना भंगार, ना वारसा

धरणगावात कुणाच्या दारात काय उभं आहे, यावरून त्या घराची अक्कल ठरते. ट्रॅक्टर उभा असला तर माणूस कर्तबगार, नवी कोरी मोटार असली तर मुलगा पुण्याला. आमच्या दारात गेली आठ वर्षं सिपानी डॉल्फिन उभी आहे. त्यामुळे आमच्या अकलेविषयी गावात दोन मतं नाहीत.

ही गाडी बंगळूरच्या सिपानी कारखान्याने १९८२ साली काढली. इंग्लंडातल्या रिलायंट कंपनीच्या ‘किटन’चा हा आपल्याकडचा अवतार. म्हणजे तिकडे जे मांजरीचं पिल्लू होतं, ते इकडे येऊन डॉल्फिन झालं. दोन दारं, ८४८ सीसीचं अॅल्युमिनियमचं इंजिन आणि अंग सगळं फायबरग्लासचं. पण १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि छोट्या गाडीचं सगळं गिऱ्हाईक तिकडे वळलं. थोड्याच वर्षांत डॉल्फिनचा जमाना संपला आणि नव्वदच्या दशकात कारखान्यावरही पडदा पडला.

आमची गाडी १९८५ची. मूळची मामांची. मामा गेल्यावर मामी म्हणाल्या, “तू एकटाच तिच्यात न कुरकुरता बसायचास. तूच ने.” नेली. मग मीही मास्तरकीतून निवृत्त झालो आणि आम्ही दोघं अंगणात शेजारी शेजारी बसून राहिलो.

दोन वर्षांपूर्वी दुरुस्ती काढली. पहिला विरोध घरातून झाला. “गाडी चालू झाली तर माझ्या बिबड्या कुठं वाळवू?” ही म्हणाली. फायबरचा टप पत्र्यासारखा चटके देत नाही, हा शोध इंग्लंडात कुणाला लागला नसेल. आमच्या घरी लागला होता.

फायबरला गंज चढत नाही, पण तडे जातात. त्याला डेंटिंगवाला काय करणार? शेवटी कूलरच्या फायबर बॉड्या करणाऱ्या एका कारागिराला बोलावलं. त्याने बॉनेटवर टिचकी मारली आणि विचारलं, “सर, हाई गाडी शे का पानीनी टाकी?” पण हात सोन्याचा! तड्याच्या कडा घासायच्या, काचेच्या धाग्यांची जाळी अंथरायची आणि वर हार्डनर घातलेलं रेझिन चोपडायचं. आमच्या वैशाखात हे रेझिन डब्यातच दगड होतं, म्हणून तो हार्डनर कमी घालायचा आणि पहाटे पाचला हजर व्हायचा. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. खानदेशच्या उन्हाने शिकवलं होतं.

इंजिनाचं तेच. सुटे भाग मिळत नाहीत म्हटल्यावर मिस्त्रीने पॅकिंगचा कागद धातूवर ठेवला, कडेने हातोडीने ठोकला आणि पापड कापावा तसं गॅस्केट कापलं. अॅल्युमिनियमचे आटे चटकन जातात, म्हणून बोल्ट आवळताना तो श्वास धरायचा. त्याच्याबरोबर मीही धरायचो.

आणि आता मूळ भांडण. माझा वाद सरकारी पंचांगाशी आहे. खासगी मोटार १५ वर्षांची झाली की ती म्हातारी. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायची. त्याची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली. बरं, म्हातारी तर म्हातारी, मान तरी द्या! पण मानाचा ‘व्हिंटेज’ दर्जा २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नाशी उलटल्यावर. म्हणजे १५व्या वर्षी भंगाराचा संशय, ५०व्या वर्षी राष्ट्राचा वारसा, आणि मधली ३५ वर्षं कोण? कुणी नाही! अहो, माणसालासुद्धा एसटीत ६५व्या वर्षी अर्धं तिकीट आणि ७५व्या वर्षी फुकट प्रवास, अशा पायऱ्या आहेत. गाडीला पायरी नाही, एकदम कडेलोट.

बरं, पन्नाशीला पोचली तरी अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी-बॉडी-इंजिनात भारी बदल नकोत. नोंदणीला २०,००० रुपये. आणि एवढं करून ती रोज चालवायची नाही. प्रदर्शनाला न्यायची, रॅलीत न्यायची, पेट्रोल भरायला न्यायची. मामींना दवाखान्यात नेली तर गुन्हा! म्हणजे जी वापरली, दुरुस्त केली, जगवली, ती नापास. आणि जी कुणा श्रीमंताच्या गॅरेजात मखमलीखाली झोपली, ती पास. वस्तू जिवंत ठेवायची तर तिच्यात आपला हात लागणारच. आमच्या कूलरवाल्याचा हात हा तिच्या अंगावरचा डाग नव्हे, तोच तिचा इतिहास आहे.

पुण्याचा भाचा म्हणतो, “मामा, जुन्या गाड्या धूर ओकतात, ब्रेक लागत नाहीत.” खरं आहे. आमच्या डॉल्फिनचे ब्रेकही पहिल्या दिवशी केवळ श्रद्धेवर लागत होते. ते आधी नीट केले, मगच फाटकाबाहेर काढली. माझं म्हणणं एवढंच, की धूर बघा, ब्रेक बघा, जन्मपत्रिका बघू नका. नापास झाली तर मी स्वतः तिला भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवीन. पण पास झाली तर वयाचा दंड कशाचा?

त्यावर तो म्हणाला, “पण जी गाडी चार दिवस चालली, तिच्यासाठी एवढा जीव का टाकायचा?” मी त्याला म्हटलं, “बाबा रे, आपल्या धरणगावात १८९० साली बालकवी जन्मले आणि १९१८ साली अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. थोडेच दिवस होते म्हणून त्यांच्या कविता रद्दीत घालायच्या का?” तो गप्प बसला. पटलं म्हणून की मास्तरापुढे बोलून उपयोग नाही म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

परवा मामींना शेजारी बसवून एक फेरी मारली. त्या वाटेत काही बोलल्या नाहीत. उतरताना दारावर हात ठेवून म्हणाल्या, “आवाज तोच आहे रे.” माझे दोन वर्षांचे पैसे तिथेच फिटले.

२०३५ साली आमची डॉल्फिन पन्नास वर्षांची होईल आणि मी पंचाहत्तरचा. तेव्हा मला एसटी फुकट आणि तिला वीस हजारांची पाटी. तोवर दोघांनीही जास्त धूर न काढता चालत राहायचं, असं आमचं ठरलं आहे. फक्त उन्हाळ्यात ती चालत नाही. बिबड्यांचे दिवस असतात.