औषधाची गोळी, नशेची गोळी

रमजानमध्ये तरावीहनंतर सहरीपर्यंत मोहल्ले जागे असतात. चहाच्या टपरीवर मुले जमतात. मालेगावात अशा मुलांच्या तोंडी ‘कुत्ता गोळी’ हा शब्द नवा नाही. ही गोळी म्हणजे अल्प्राझोलम. अतिचिंतेच्या रुग्णाला डॉक्टर देतात तेच औषध. म्हणूनच मुले म्हणतात, ‘ही काय दारू आहे?’

इस्लामने आजाऱ्याला रोजातून सूट दिली, उपचार घ्यायला सांगितले. पण नशा आणणारी प्रत्येक वस्तू हराम ठरवली. मग ती बाटलीतून येवो वा औषधाच्या पाकिटातून.

कायदाही स्पष्ट आहे. २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ नियमानुसार असे औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षे जपायचे असते. गोळी खाणारा मुलगा पकडला जातो, तेव्हा हे रजिस्टरही उघडले पाहिजे.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्या मोजून, कुलपात ठेवा. मुलाला सवय लागली असेल तर गोळी एकदम तोडू नका; झटके येऊ शकतात. डॉक्टरांकडे न्या किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोला. लाजेपोटी गप्प राहणे मुलाला महागात पडते.