आधी गेट ठरवा, वाघ नंतर

परीक्षा संपत आली की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. 'ताडोबा करूया का?' पाच मिनिटांत वीस अंगठे वर होतात. दोन दिवसांनी कुणीतरी खर्चाचा आकडा टाकतं आणि विसाचे सहा उरतात. आठवडाभराने कळतं की हवा तो रविवार केव्हाच फुल्ल झालाय. मग गाडी निमूटपणे रामटेक नाहीतर चिखलदऱ्याकडे वळते आणि ताडोबा 'नंतर कधीतरी'च्या यादीत जाऊन बसतो.

या सगळ्या चर्चेत 'वाघ दिसेल ना?' हा प्रश्न पहिल्या मिनिटाला येतो. 'आत कुठून जायचं, कशाने जायचं, परत कसं यायचं?' हे प्रश्न शेवटी येतात, तेही पैसे भरायची वेळ आल्यावर. आमचं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. त्याने तुमचे पैसे वाचतील, ट्रिप रद्द होणार नाही, आणि जंगलाचंही थोडं भलं होईल. शेवटचा मुद्दा उगाच जोडलेला नाही, त्याच्याकडे येतोच.

आधी ताडोबा म्हणजे काय ते नीट बघू. १९५५ मध्ये जाहीर झालेलं हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. १९८६ मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. आतला गाभा, म्हणजे कोअर, साधारण ६२५ चौरस किलोमीटरचा. त्याच्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास बफर, ज्यात जंगल आहे, शेती आहे आणि माणसांनी भरलेली गावं आहेत. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. ते पुन्हा सुरू झालं ते नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह. कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन, हे त्यातलंच एक.

म्हणजे तुम्ही तिकीट काढता ते अख्ख्या ताडोबाचं नसतं. ते एका गेटचं असतं आणि त्या गेटला जोडलेल्या ठरावीक रस्त्यांचं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं प्लॅनिंग झालं.

गेट कसं निवडायचं? साधा हिशोब आहे, तुम्ही कुठून येताय ते बघा. चंद्रपूरकडून येणाऱ्यांना मोहर्ली जवळ. नागपूरहून चिमूरच्या रस्त्याने येणाऱ्यांना कोलारा आणि नवेगाव सोयीचं. वरोरा-भद्रावतीकडून खुटवंडा. झरी आणि पांगडी ही कोळसा वनपरिक्षेत्राच्या बाजूची गेटं. 'मोहर्ली नाही मिळालं, कोलारा घेतलं, काय फरक पडतो?' असं म्हणून बुकिंग केलंत आणि मुक्काम मात्र मोहर्लीतच ठेवलात, तर पहाटे जंगलाला बाहेरून वळसा घालत धावावं लागेल. मधून शॉर्टकट नाही, कारण मध्ये कोअर आहे. म्हणून आधी गेट, मग मुक्काम, मग बस. याच क्रमाने.

आता तारीख. ताडोबा मंगळवारी बंद असतो. जुलै ते सप्टेंबर पावसाळ्यात कोअर बंद असतं, बफरमधले काही भाग सुरू राहतात. शनिवार-रविवारचे दर जास्त आणि गर्दीही जास्त. नोकरी करणाऱ्यांना वीकेंडशिवाय पर्याय नाही. आपल्याला आहे! विद्यार्थ्याकडे पैसे कमी असतात पण बुधवार असतो. सबमिशन आटोपल्यानंतरचा एखादा बुधवार किंवा गुरुवार पकडा आणि दीड-दोन महिने आधी बुकिंग करा. बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. 'भाऊ, आपला माणूस आहे, करून देतो' या वाक्यावर आगाऊ पैसे पाठवू नका. बुकिंगला ज्याचं नाव, गेटवर त्याचंच मूळ ओळखपत्र लागतं. ऐनवेळी एक मित्र गळला म्हणून दुसऱ्याला त्याच्या नावावर बसवायचा विचार सोडून द्या.

जिप्सीत सहा पर्यटक बसतात. सोबत चालक आणि गाईड, आणि गाईड घ्यावाच लागतो. प्रवेश, गाडी आणि गाईड असे तीन खर्च मिळून एका सफारीचे काही हजार होतात आणि ते गाडीवर असतात. तिघंच गेलात तरी गाडी अख्खीच घ्यावी लागते. त्यामुळे ग्रुप सहाचा करा, नाहीतर बाराचा. सात जण ही सगळ्यांत महागडी संख्या आहे.

वेळेचं गणित इथे सगळ्यांत जास्त चुकतं. सफारी दोन वेळा असते, पहाटे आणि दुपारी. पहाटेच्या सफारीला उजाडायच्या सुमारास गेटवर हजर राहावं लागतं आणि त्या वेळेला पोहोचवणारी एसटी शोधत बसू नका. म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम आलाच. मोठ्या रिसॉर्टांचे दर बघून घाबरू नका. गेटजवळच्या गावांत होम-स्टे आहेत, साधं जेवण मिळतं, आणि पैसा थेट गावात जातो. दुपारची सफारी घेतलीत तर नागपूरहून सकाळी निघून पोहोचता येतं, पण सफारी संपते तेव्हा अंधार पडायला आलेला असतो आणि परतीची बस मिळेलच असं नाही. अशा वेळी कुणाच्या तरी बाईकवर तिघं बसून चंद्रपूर गाठू, असा बेत करू नका. मोहर्ली ते चंद्रपूर हा रस्ता बफरच्या जंगलातून जातो. संध्याकाळनंतर त्या रस्त्यावर दुचाकी म्हणजे गंमत नाही. परतीची गाडी ठरली नसेल तर सफारीही ठरली नाही असं समजा.

बॅगेत काय हवं? मातकट किंवा हिरवट रंगाचे कपडे. डिसेंबरात कानटोपी आणि जाड जॅकेट, कारण उघड्या जिप्सीत पहाटेचं वारं अंगाला चावतं. एप्रिल-मेमध्ये रुमाल, गॉगल आणि भरपूर पाणी, कारण चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे सहज जातो. परफ्यूम नको. आणि मोबाईल? कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. हे वाचून काहींचा उत्साह मावळला असेल. पण जरा विचार करा. मोबाईल असला की एका गाडीला वाघ दिसतो आणि दहा मिनिटांत दहा गाड्या तिथे उभ्या राहतात. पुढे काय होतं?

पुढे काय होतं ते ३१ डिसेंबर २०२४ ला दिसलं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ नावाने ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन सफारीच्या रस्त्यावर आली आणि पर्यटकांच्या गाड्यांनी तिला दोन्ही बाजूंनी अडवलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड यांच्यावर कारवाई झाली. नियम काय सांगतो? वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवा, प्राणी बघताना दोन गाड्यांमध्ये ५० मीटर ठेवा, प्राण्याला घेरू नका. त्या दिवशी यातलं काय उरलं होतं?

कारवाई व्हायलाच हवी होती. पण स्टिअरिंगवर जो हात होता, त्याच्या मागे बसलेल्या लोकांचं काय? 'दादा, अजून थोडं पुढे घ्या ना', 'एवढे पैसे भरलेत, साइटिंग तर झालंच पाहिजे', 'टीप देतो, चला' ही वाक्यं कोण बोलतं? चालक आणि गाईड बहुतेक शेजारच्याच गावातले असतात, त्यांचं घर या गाडीवर चालतं. नाराज पर्यटक म्हणजे तक्रार, आणि खूश पर्यटक म्हणजे टीप. आपण गाडीत बसताना फक्त 'वाघ' हा एकच शब्द घेऊन बसलो, तर तो दबाव त्यांच्यामार्फत वाघिणीपर्यंत पोहोचतो. म्हणूनच म्हटलं की प्लॅनिंगचा आणि जंगलाच्या भल्याचा संबंध आहे.

तेव्हा सफारी सुरू होण्याआधी गाईडला एक वाक्य सांगून बघा: 'वाघ दिसला तर छान, नाही तरी चालेल, तुम्ही आम्हाला जंगल दाखवा.' गाईडचा खांदा सैल होतो. मग अस्वलाने ओरबाडलेला मोहाचा बुंधा दिसतो, रानकुत्र्यांचा कळप दिसतो, ताडोबा तलावाच्या काठावर पडलेली मगर दिसते. मोहर्ली-ताडोबा रस्त्याकडेचे दगडी खांब दिसतात, ते गोंड राजांच्या काळचे मानले जातात. तारू नावाच्या ज्या गावप्रमुखाला वाघाशी झुंजताना मरण आलं आणि ज्याच्यावरून ताडोबा हे नाव पडलं अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे, त्याचं ठाणंही त्याच तलावाकाठी आहे. हे सगळं तुमच्या तिकिटात आहे. आपण फक्त वाघाचेच पैसे भरल्यासारखे वागतो.

आणखी एक गोष्ट. कोअरचं परमिट मिळालं नाही म्हणून रडू नका. आगरझरी, जुनोना, देवाडा, अलिझंझा ही बफरची गेटं आहेत. वाघाला कोअर आणि बफर यांच्यातली रेघ माहीत नसते. बफरमध्येही वाघ, बिबट्या, गवा सगळे आहेत. शिवाय बुद्धपौर्णिमेच्या रात्री बफरमध्ये मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजण्याचा कार्यक्रम वनविभाग घेतो. रात्रभर गप्प बसायची तयारी असेल तर त्यासाठी नाव नोंदवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ बघितलात तर त्यात संरक्षित क्षेत्रात प्रवेशाची परवानगी कशासाठी देता येते याची यादी आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन आणि पर्यटन. अभ्यास त्यात पहिला आहे. झूलॉजी, बॉटनी, भूगोल शिकणाऱ्या मुलांच्या कॉलेजने रीतसर पत्र घेऊन वनविभागाकडे जायला काय हरकत आहे? सहलीची परवानगी काढण्यात जेवढी धावपळ होते, त्याहून फार जास्त होणार नाही.

आता प्रशासनालाही थोडं विचारूया. राजस्थानात रणथंबोरला जिप्सीसोबत वीस आसनी कँटर चालतात आणि एकेक सीट विकत घेता येते. कर्नाटकात बंदीपूरला वनविभागाची बस सफारी आहे. मग ताडोब्यात आठवड्याच्या मधल्या दिवसांत, एखाद्या तरी गेटवरून, ओळखपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सीटप्रमाणे परवडणारी सफारी का असू नये? यावर कुणी म्हणेल की गर्दी वाढेल. वाढणार नाही. गाड्यांची रोजची संख्या तीच ठेवा. वीस मुलं तीन-चार जिप्सींतून नेण्याऐवजी एका गाडीतून नेली, तर जंगलात गाड्या उलट कमीच जातील. आणि एसटी महामंडळाने दुपारची सफारी संपल्यानंतर मोहर्लीहून चंद्रपूरला एक बस नक्की सोडली, तर बाईकवरचे ते जीवघेणे बेतही थांबतील. दोन्ही मागण्या मोठ्या नाहीत.

हे मागताना एक भान ठेवू. आपल्यासाठी गेट आहे, तिकीट आहे, गाईड आहे. बफरमधल्या माणसासाठी यातलं काहीच नाही. मार्च-एप्रिलमध्ये तो पहाटे मोहफुलं वेचायला जातो, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जातो, आणि वाकून काम करताना वाघ समोर येतो तेव्हा त्याच्याभोवती जिप्सी नसते. चंद्रपूर जिल्ह्यात असे मृत्यू दरवर्षी होतात. नवेगाव, जामणी यांसारखी गावं तर कोअरमधून उठून बाहेर गेली, तेव्हा आज आपल्याला दिसणारं गवताळ कुरण तयार झालं. जिथे आज चितळांचा कळप बघून आपण 'वॉव' म्हणतो, तिथे काल कुणाचं तरी अंगण होतं. म्हणून गावात जेवा, गावात राहा, गाईडचं नाव विचारा, आणि गावातला माणूस वाघाबद्दल चिडून बोलला तर त्याला पर्यावरण शिकवायला जाऊ नका.

तर आज रात्री ग्रुपवर मेसेज टाकाल तेव्हा 'ताडोबा करूया का?' एवढंच लिहू नका. लिहा: 'बुधवार, कोलारा गेट, दुपारची सफारी, सहा जण, रात्री गावात मुक्काम, सकाळच्या बसने परत. कोण कोण?' अंगठे कमी येतील. पण जे येतील ते नक्की जातील.