गलबत शेठचं, शीड कुणाचं?

सुपरयॉट म्हटलं की आपल्याकडे दोनच उद्गार निघतात. "बापरे, केवढे पैसे!" नाहीतर "काय ही उधळपट्टी!" दोन्ही खरे, पण दोन्ही पैशाबद्दलचे. बोटीकडे कुणी बघतच नाही. मला मात्र एका बोटीने सध्या पार पछाडलंय. तिचं नाव 'माल्टीज फाल्कन'. लांबी 88 मीटर. 2006 साली इस्तंबूलजवळ तूझला इथे, पेरिनी नावी या इटालियन कंपनीच्या तिथल्या यार्डात ती तयार झाली. तेव्हाचा मालक टॉम पर्किन्स, सिलिकॉन व्हॅलीतला बडा गुंतवणूकदार. तो 2016 साली गेला.

तर मंडळी, हिच्या तीन डोलकाठ्या कार्बन फायबरच्या, 58 मीटर उंच, आणि त्यांना ताणून धरायला एकही दोर नाही! प्रत्येक डोलकाठीला सहा आडव्या काठ्या पक्क्या बसवलेल्या. त्यामुळे वारा फिरला की शीड ओढाताण करून वळवायचं नाही, अख्खी डोलकाठीच बुंध्यापासून फिरवायची. शिडं एकूण 15, क्षेत्रफळ साधारण 2400 चौरस मीटर. एरवी ती डोलकाठीच्या पोटात गुंडाळलेली असतात. बटण दाबलं की मोटर त्यांना आडव्या काठ्यांवरून दोन्ही बाजूंना बाहेर खेचते. सगळा पसारा उघडायला सहा-सात मिनिटं. जुन्या जहाजांवर याच कामासाठी खलाशी जीव मुठीत धरून वर चढायचे.

खरी गंमत पुढे आहे. ही कल्पना चैनीच्या बोटीसाठी निघालेलीच नव्हती! विल्हेल्म प्रॉल्स नावाच्या जर्मन इंजिनीअरने 1960 च्या दशकात ती मांडली ती मालवाहू जहाजांसाठी. माणसं कमी लागावीत, इंधन वाचावं, एवढा साधा हेतू. तिला त्याने डायनारिग म्हटलं. पण तेव्हा तेल स्वस्त. 1973 च्या तेलसंकटानंतरही तसं जहाज कुणी बांधलं नाही. माल वाहणारा प्रत्येक फेरीचा हिशेब बघणार, पहिला धोका तो कशाला पत्करेल? चाळीसेक वर्षं डायनारिग कागदावरच राहिलं, एका धनिकाला हौस येईपर्यंत.

यावर कुणी म्हणेल, "बघा, श्रीमंतांच्या चैनीतूनच प्रगती होते." हे मला अर्धंच पटतं. पर्किन्सच्या पैशाने धोका विकत घेतला, कबूल. पण पैसा ओतून डोलकाठी उभी राहत नाही. जेरार्ड डायक्स्ट्रा या डच नौकारचनाकाराने गणितं केली, वाऱ्याच्या बोगद्यात नमुने तपासले गेले. मग ब्रिटिश तंत्रज्ञांच्या देखरेखीखाली तूझलाच्या कामगारांनी त्या डोलकाठ्या घडवल्या. कार्बनचं काम म्हणजे थरावर थर. धाग्यांची दिशा जरा चुकली, मधे हवा राहिली, तर वरून काही दिसत नाही. दिसतं ते भर समुद्रात, वारा चढल्यावर. म्हणून ताण मोजणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या तारा थरांच्या आतच घातल्या. म्हणजे काम हाताचं, आणि त्या हातांवर नजर ठेवणारी यंत्रणाही त्यांनीच आत पेरलेली. हे मला फार आवडलं.

या बोटींच्या माहितीपत्रकांत मात्र दिवाणखाना असतो, मालकाची खोली असते, पोहण्याचा तलाव असतो. थर लावणाऱ्याचा फोटो मी तरी पाहिला नाही. चिडायचंच तर मी त्या तलावापेक्षा यावर चिडेन.

उरलेलं अर्धं न पटण्याचं कारण दुसरं. डायनारिगची पुढची मोठी बोट आली 2018 मध्ये, हॉलंडच्या ओशनको यार्डातून. 'ब्लॅक पर्ल', 106 मीटर. तीही यॉटच! म्हणजे चैनीतून निघालेली विद्या झिरपून मालवाहू जहाजांपर्यंत पोचली, असं काही झालं नाही. ती एका शेठकडून दुसऱ्या शेठकडे गेली. जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे 3 टक्के जहाजांतून येतात. प्रॉल्सचा हिशेब ज्यांना लागू होता ते गडी धूर सोडत राहिले.

आता कुठे वारं फिरतंय. 2025 मध्ये 'निओलायनर ओरिजिन' हे 136 मीटरचं शिडाचं मालवाहू जहाज फ्रान्सहून अमेरिकेला गेलं. शिडांची पद्धत वेगळी, फ्रेंच, त्यामुळे हिला फाल्कनची लेक म्हणता येणार नाही. पण बांधलं कुठे, सांगा बघू? तूझलालाच! यार्ड दुसरं, गाव तेच.

भाऊकाका, तुम्ही आयुष्य मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये काढलंत. तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. एक सांगा, 1980 साली कंपनीने असं शिडाचं जहाज घेतलं असतं, तर तुम्ही त्यावर चढला असतात का?