सामाईक विहीर आणि लिबकर्ल

मागच्या शनिवारी गावी, बिडकीनला गेलो होतो. एका बाजूला ऑरिकचे रुंद रस्ते, दुसऱ्या बाजूला आमची जुनी विहीर. दोन चुलत्यांत सामाईक, सातबाऱ्यावर हिस्सा लावलेला, मोटारीच्या पाळ्या ठरलेल्या. लॅपटॉप उघडून बसलो होतो, तर आण्णा म्हणाले, "सुट्टीत पण तेच का रे?" तेच होतं खरं.

झालं असं. पूर्वीच्या एका नोकरीत आमचा सी मधला प्रोग्राम रात्री प्रत्येक ग्राहकाच्या खात्यात लॉगिन करून त्याची बिलं उतरवून घ्यायचा. चार थ्रेड, प्रत्येक ग्राहकाला वेगळं हँडल. खाली लिबकर्ल (डॅनियल स्टेनबर्ग या स्वीडिश गृहस्थांचा कर्ल, १९९८ पासूनचा). नवं हँडल म्हटलं की पुन्हा डीएनएस, पुन्हा टीएलएसची ओळखपरेड. वेळ जातो. यावर उपाय म्हणजे शेअर हँडल: कर्ल_शेअर_इनिट करायचं, काय वाटून घ्यायचं ते सांगायचं, आणि प्रत्येक हँडल त्याला जोडायचं. आम्ही उत्साहात डीएनएस, टीएलएस सेशन आणि कुकीजही शेअर केल्या.

दोन दिवसांनी एका ग्राहकाच्या फोल्डरमध्ये दुसऱ्याचं बिल!

सगळे लॉकच्या मागे लागले. लिबकर्ल स्वतः कुलूप लावत नाही, लॉक आणि अनलॉकची फंक्शनं आपणच द्यायची, हे खरं. पण आमची म्यूटेक्स बरोबर होती. चूक साधी होती. सर्व्हर एक, कुकीचं नाव एक, डबा एक. दुसऱ्याने लॉगिन केलं की पहिल्याची सेशन कुकी पुसली जायची. कुलूप दोघांना एकाच वेळी डब्यात हात घालू देत नाही, इतकंच. डब्यातलं कुणाचं, हे त्याला काय ठाऊक?

आण्णांना हे आपल्या भाषेत सांगितलं तर म्हणाले, "इहीर सामाईक हाय, खळं न्हाई." मी तर म्हणतो हेच डॉक्युमेंटेशनमध्ये घालावं :)

माझं मत विचाराल तर सर्व्हरचा पत्ता हे विहिरीचं पाणी, बिनधास्त वाटा. (तोही डीफॉल्टने ६० सेकंदच जपला जातो.) कुकी म्हणजे माणसाची ओळख. ती एकाच ग्राहकाच्या हँडलांमध्ये वाटावी, दोन ग्राहकांत कधीच नाही. कनेक्शन वाटण्याची सोय २०१७ मध्ये ७.५७.० ला आली, पण ती वेगवेगळ्या थ्रेडमध्ये वापरू नका असं तिथेच लिहिलंय. आम्ही वाचलं कुठे होतं... आणि सगळं एकाच थ्रेडमध्ये असेल तर मल्टी हँडल घ्या ना! डीएनएस, कनेक्शन ते आपसूक वाटून घेतं आणि कुकीला हात लावत नाही. निम्म्या लोकांना शेअर हँडलची गरजच नसते.

आम्ही कुकीची ओळ काढली आणि चुकलेली बिलं हाताने वेगळी केली. त्यात अख्खा रविवार गेला. ज्याचं बिल भलतीकडे गेलं होतं, त्याला फोन मात्र मलाच करावा लागला.